आधी आहे ते चालू ठेवा: जिल्हा परिषदांच्या सभागृहांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, विषय समित्यांचे सभापती, सदस्य आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या स्वनिधीचं, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचं, अंदाजपत्रक करताना देखभाल-दुरुस्तीचा पैसा सगळ्यात आधी बाजूला काढा आणि मग जे उरेल त्यातून नवी कामं धरा, एवढीच माझी मागणी आहे. ऐकायला साधी वाटते. पण ती कुठल्या सभागृहात कोणी नेटाने लावून धरल्याचं मी पाहिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मी एका जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात नोकरी केली. अंदाजपत्रकाच्या बैठकीला फायली घेऊन मागच्या रांगेत बसायचं आणि सभापतींनी आकडा विचारला की चिठ्ठी पुढे सरकवायची, हे माझं काम. आता निवृत्त होऊन गावी शेती बघतो. ज्या शाळा, दवाखाने आणि बंधारे इतकी वर्षं कागदावर लेखाशीर्ष म्हणून, म्हणजे अंदाजपत्रकातली खर्चाची एक ओळ म्हणून, पाहिले, ते आता जाता-येता दिसतात. कागद आणि जागा या दोन्ही बाजू पाहिल्यामुळे मला बोलायचा थोडा अधिकार आहे असं मी समजतो.

पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो, जुन्यांनी माफ करावं. जिल्हा परिषदेतून वर्षभरात फिरणारा पैसा फार मोठा दिसतो, पण त्यातला बहुतेक तुमचा नसतो. शिक्षकांचे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार राज्याकडून येतात आणि पगारातच जातात. केंद्र-राज्याच्या योजनांचा पैसा ठरलेल्या कामासाठी येतो, त्याला दुसरीकडे हात लावता येत नाही. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी नियोजन समितीकडून येतो आणि तिथे पालकमंत्री अध्यक्ष असतात. या सगळ्यात सभागृहाला खरोखर स्वतःच्या मनाने ठरवता येतो तो फक्त स्वनिधी, ज्याला आपण अजून सेस फंडच म्हणतो. जमीन महसुलावरचा उपकर, पाणीपट्टीवरचा उपकर, मुद्रांक शुल्कातून मिळणारं अनुदान, ठेवींवरचं व्याज, गाळ्यांची भाडी आणि बारीकसारीक फी मिळून तो बनतो. त्यातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावेच लागतात. ते योग्यच आहे. उरलेल्या पैशाचं काय करायचं, हा निर्णय मात्र पूर्णपणे तुमचा असतो. जिल्ह्याचं प्राधान्य काय, याचं खरं उत्तर त्या उरलेल्या पैशाच्या पानावर असतं. अध्यक्षांच्या भाषणात ते शोधून मिळत नाही.

आणि त्या पानावर काय दिसतं? बहुतेक ठिकाणी उरलेली रक्कम सदस्यसंख्येने भागलेली असते. प्रत्येक गटाला, म्हणजे सदस्याच्या मतदारसंघाला, सारखा वाटा, आणि त्या वाट्यातून सदस्याने सुचवलेली कामं. मग त्यातून पेव्हर ब्लॉक, सभामंडप, स्वागत कमान, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीचं शेड अशी यादी तयार होते. मी या यादीची हेटाळणी करत नाही. तुम्ही मतं मागायला गावोगाव फिरलेला असता, लोकांनी तुमच्याकडे हीच कामं मागितलेली असतात, आणि स्मशानात भर पावसात सरण विझताना ज्याने पाहिलं आहे त्याला त्या शेडची किंमत कळते. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. पावसाळ्याआधी घर शाकारायचं राहिलं असताना कोणी दारात नवा ओटा बांधत नाही, आणि जिल्ह्याचं आपण नेमकं तेच करत आलो आहोत.

आमच्या गावच्या ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाची कामं जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, त्यातलाच हा एक. बांधकाम चांगलं आहे, दगडी खांब अजून हलले नाहीत. या बंधाऱ्याचं सगळं गणित बर्ग्यांवर चालतं. काही भागात त्यांना ढापे म्हणतात, काही ठिकाणी निडल. परतीचा पाऊस ओसरला, ओढ्याची धार बारीक झाली की खांबांच्या खाचांत हे लोखंडी बर्गे एकावर एक बसवायचे, फटींत रबर घालायचं आणि पाणी अडवायचं. आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाले की वाहतं पाणी निघून गेलेलं असतं. पावसाळ्याच्या तोंडाशी ते पुन्हा काढून ठेवायचे. नाही काढले, तर पहिल्याच पुरात पाणी बंधाऱ्याच्या कडेने वाट काढतं आणि भराव घेऊन जातं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. बर्गे काढले की ठेवायला खोली नसते. ते ओढ्याच्या काठावर रचून ठेवलेले असतात, आणि उन्हाळा संपेपर्यंत त्यातले काही भंगारात गेलेले असतात. जे राहतात त्यांच्या कडा गंजून खाल्लेल्या असतात, रबर कडक होऊन तडकलेलं असतं. ऑक्टोबरात खाचा मोजल्या आणि बर्गे मोजले की जुळत नाहीत. मग गावातली पोरं ट्रॅक्टर घेऊन येतात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरतात, मधल्या मोऱ्यांत रचतात आणि वरून ताडपत्री ओढतात. त्या रचण्याला दोन हात पाणी धरतं. मार्चअखेरपर्यंत पुरायचं पाणी संक्रांतीलाच तळाला जातं. काठावरच्या विहिरींचं पाणी त्याच्या मागोमाग उतरतं, आणि हरभरा कसाबसा निघतो, गव्हाचं शेवटचं पाणी चुकतं.

हा बंधारा दुरुस्तीच्या यादीत दरवर्षी असतो. कोणी मुद्दाम डावललेला नाही. शाखा अभियंत्याने मागणी पाठवलेली असते, उपअभियंत्याने सही केलेली असते. फक्त अंदाजपत्रकात त्या लेखाशीर्षाखाली जी तरतूद असते, ती सगळ्या जिल्ह्यातल्या बंधाऱ्यांना मिळून असते, आणि तिच्यात धड एका तालुक्याचे बर्गे येत नाहीत. काही वर्षी तर नुसती टोकन तरतूद, म्हणजे लेखाशीर्ष जिवंत राहावं म्हणून टाकलेले हजार रुपये. ज्या बंधाऱ्यावर एकेकाळी लाखो रुपये खर्च झाले, तो काही हजारांच्या लोखंडासाठी आणि चार मजुरांच्या दोन दिवसांच्या कामासाठी कोरडा राहतो. त्याच वर्षी जिल्ह्यात नव्या बंधाऱ्यांना प्रशासकीय मान्यता मिळालेली असते, हे मी स्वतःच्या टेबलावरून गेलेल्या कागदांवरून सांगतो.

असं का होतं, याची कारणं तुम्हालाही माहीत आहेत. बर्गे बसवण्याच्या कामाचा नारळ फुटत नाही. त्याची कोनशिला होत नाही. रक्कम लहान, त्यामुळे ठेकेदाराला रस नाही, आणि काम ठरावीक आठवड्यात करायचं असल्यामुळे कार्यालयाला ती धावपळ नको असते. ऑक्टोबरात पैसा हातात हवा, तर एप्रिल-मेमध्ये मान्यता व्हायला हवी. आपल्याकडे मान्यतेच्या फायली दिवाळीनंतर हलायला लागतात.

शाळांचंही असंच आहे, फक्त तिथे बर्ग्यांच्या जागी वीजबिल आहे. लोकवर्गणीतून, कुणा माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून जिल्हा परिषदेच्या शाळांत टीव्ही आले, प्रोजेक्टर आले, संगणक आले. गुरुजींनी, बाईंनी जिवाचं रान करून ते मिळवले. समग्र शिक्षातून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला मिळणारं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यात खडू-फळा, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिलही भागवायचं. अनुदान उशिरा आलं की बिल थकतं, थकलं की मीटर जातं. मग तो टीव्ही मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो. मी पाहिलेल्या एका शाळेत शिक्षिका स्वतःच्या पगारातून बिल भरत होत्या आणि त्याचा कुठे उल्लेखही करत नव्हत्या. अशा माणसांच्या चांगुलपणावर आपण जिल्ह्याचं शिक्षण चालवायचं का? सगळ्या शाळांचं वर्षाचं वीजबिल किती होतं, हा आकडा शिक्षण समितीने एकदा मागवून पाहावा. स्वनिधीतून तो भरणं अवघड नाही, असं मला आकडेमोडीच्या सवयीने वाटतं. निदान ज्या शाळेला अनुदान अपुरं पडतं तिथला फरक तरी भरून काढता येईल.

जलजीवन मिशनबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर बरंच बोललं जातं. १५ ऑगस्ट २०१९ ला ही योजना जाहीर झाली, माणशी रोज ५५ लिटर पाणी हे तिचं उद्दिष्ट. टाक्या बांधल्या, नळ आले. काम कसं झालं यावर चौकश्या होतील, व्हायलाच हव्यात. पण जी योजना नीट झाली तिची मोटर जळली तर कोण दुरुस्त करणार, आणि पंपाचं बिल पाणीपट्टीतून न भागल्यास फरक कोण देणार, याचं उत्तर बहुतेक ग्रामपंचायतींकडे नाही. जिल्हा परिषदेने तालुकानिहाय दुरुस्ती पथक आणि दोन-तीन जादा मोटरी ठेवल्या तरी उन्हाळ्यातले कितीतरी टँकर वाचतील.

प्राथमिक आरोग्य केंद्राचा मुद्दा मात्र जिवाशी येतो. लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. वीज गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नसलं, की त्या शीतपेटीतला साठा धोक्यात येतो. डिझेलचा खर्च म्हणजे किती? पण तो आकस्मिक खर्चात बसवायचा, त्याला मान्यता घ्यायची, आणि तोवर वैद्यकीय अधिकाऱ्याने खिशातून घालायचे, हा शिरस्ता पडून गेला आहे. प्रसूतीच्या खोलीतलं गळतं छत पावसाळा संपल्यावर दुरुस्त होतं, कारण निधीच तेव्हा येतो.

आता मार्चबद्दल. मी त्या महिन्यात रात्री बारा-बारापर्यंत कार्यालयात बसलेला माणूस आहे. बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर, तरतूद केव्हा दिसते याकडे डोळे लावून बसायचं, दिसली की देयकं कोषागारात पळवायची. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला पुढच्या आर्थिक वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत मुभा असते. ही मुभा आपण सोय म्हणून वापरायला हवी होती. तिचा उपयोग काम वर्षभर लांबवायला झाला. पहिलं वर्ष याद्यांमध्ये जातं. कोणाची कामं घ्यायची, आमदारांनी सुचवलेली किती, सदस्यांची किती. दुसऱ्या वर्षी अंदाजपत्रकं, तांत्रिक मान्यता, निविदा. मग फेब्रुवारी उजाडतो आणि अखर्चित रकमेची यादी पाहून सगळे घाबरे होतात. त्या घाईत जे काम पटकन बिलावर येतं ते पुढे जातं. खरेदी पटकन बिलावर येते. बर्गे, छप्पर, वायरिंग हे पटकन बिलावर येत नाही. सरतेशेवटी जो पैसा उरतो तो शासनजमा होतो, आणि पुढच्या वर्षी नियोजनाचा मोठा भाग आधीच्या कामांच्या दायित्वातच, म्हणजे त्यांची उरलेली देणी भागवण्यातच, संपतो.

वैयक्तिक लाभाच्या योजनांवरही दोन ओळी लिहायला हव्यात. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकल, कडबाकुट्टी. २०१६ च्या डिसेंबरात शासनाने वस्तू वाटण्याऐवजी पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं. खरेदीतले गैरप्रकार थांबावेत हा हेतू चांगला होता. पण आधी स्वतः वस्तू घ्या, पावती द्या, मग पैसे मिळतील, ही अट ज्या विधवा बाईला मशीनची खरी गरज आहे तिलाच बाहेर ठेवते. तिच्याकडे आधी घालायला पैसे असते तर तिने अर्ज कशाला केला असता? समाजकल्याण आणि महिला-बालकल्याण समितीने यावर मार्ग काढावा. विक्रेत्याला थेट पैसे जातील असं पत्र लाभार्थीला देता येईल का, हे तपासावं आणि नियम आडवा येत असेल तर तो बदलण्यासाठी शासनाकडे ठराव पाठवावा.

ठरावांचा विषय निघालाच आहे, तर त्यावर सविस्तर बोलतो. सभागृहाला कायदा करता येत नाही, पण राज्याने कोणता कायदा, कोणता नियम बदलावा हे सांगता येतं. दर सभेत अभिनंदनाचे ठराव होतात, दुखवट्याचे होतात. जिल्ह्याच्या पैशाबद्दल शासनाला ठणकावून विचारणारा ठराव क्वचित होतो, आणि झाला तरी त्याचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या माणसांनी चालवावा, हा त्यामागचा विचार. त्रिस्तरीय रचनेत महाराष्ट्राने जिल्ह्याला सगळ्यात जास्त वजन दिलं. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत, मुंबईचे दोन जिल्हे सोडून. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिलमध्ये लागू झाली, घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आले. कागदावर तेव्हापासून अधिकार वाढायला हवे होते. प्रत्यक्षात निर्णय हळूहळू मंत्रालयाकडे सरकत गेले. शिक्षक भरती पवित्र पोर्टलवरून होते, बदल्या ऑनलाइन राज्याच्या धोरणाने होतात. त्यात पारदर्शकता आली हे मी मान्य करतो, बदल्यांच्या बाजारात लोकांचे झालेले हाल मी पाहिले आहेत. पण पैशाच्या बाबतीत असा कोणताही फायदा न होता अधिकार गेला. पूर्वी योजनांच्या ठेवींवरचं व्याज हा स्वनिधीचा मोठा आधार होता. आता केंद्राच्या योजनांचा पैसा एकाच मध्यवर्ती खात्यातून फिरतो, त्याचं व्याज जिल्हा परिषदेकडे राहत नाही. काही जिल्ह्यांत मध्यवर्ती बँका अडचणीत आल्या तेव्हा ठेवीच अडकल्या. खर्च वाढले आणि स्वतःचं उत्पन्न आटलं, तरी त्यावर राज्याने भरपाई काय द्यायची याची चर्चाच झाली नाही.

मग सभागृहाने शासनाकडे काय मागावं? माझ्या मते सगळ्यात आधी मुद्रांक शुल्काचं आणि उपकराचं अनुदान त्याच आर्थिक वर्षात, ठरलेल्या तिमाहीत द्या, ही मागणी लावून धरावी. हा पैसा जिल्ह्याच्या हक्काचा आहे; तो कधी येणार हे माहीत नसेल तर कोणतं अंदाजपत्रक खरं ठरणार? दुसरं, जिल्हा वार्षिक योजनेतून शाळा, दवाखाना, बंधारा यांचं नवं बांधकाम मंजूर करताना पुढच्या देखभालीची तरतूद त्याच आदेशात दाखवणं बंधनकारक करा. आणि तिसरं म्हणजे निवडणुका. मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे असं घटनेचं कलम २४३-ई सांगतं. तरी २०२२ च्या मार्चपासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि तीन वर्षांहून जास्त काळ सभागृहच नव्हतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत आपल्याकडे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा प्रत्येकी १० टक्के वाटा होता. लोकनियुक्त मंडळ नाही म्हणून केंद्राने तो अडवून धरला. नियोजन समितीत चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेले असावेत असं घटना सांगते, आणि त्या काळात जिल्हा परिषदेतून पाठवायला निवडून आलेलं कोणी नव्हतंच. जिल्ह्याच्या पैशाची चर्चा अधिकाऱ्यांच्या दालनात होत राहिली. प्रशासक म्हणून काम केलेल्या अनेक अधिकाऱ्यांनी चांगलं काम केलं, हे मी जवळून पाहिलं. पण ओढ्यावरचा बंधारा कोरडा राहिला तर शेतकऱ्याने कोणाचा दरवाजा ठोठवायचा, याचं उत्तर त्या काळात कोणाकडे नव्हतं. पुन्हा असं होऊ नये यासाठी कायद्यात तरतूद मागणारा ठराव पक्ष बाजूला ठेवून एकमताने व्हायला हवा. २०२६-२७ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो, त्यामुळे हा प्रश्न जुना म्हणून सोडून देता येणार नाही.

आर. आर. पाटील आबा सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते, पुढे ग्रामविकास मंत्री झाले, आणि त्यांच्या काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभं राहिलं. त्या दिवसांत मी तालुक्यांच्या दौऱ्यांवर असायचो. गावंच्या गावं झाडून निघालेली पाहिली. त्या अभियानात नवं बांधायला फारसा पैसा नव्हता. जे आहे ते नीट राखा आणि त्यासाठी गाव एकत्र आणा, एवढ्यावर ते चाललं. जिल्हा परिषदेत घडलेल्या माणसाला गावाची नाडी कळते, ती अशी. तुमच्यातूनही अशी माणसं पुढे यावीत असं मला मनापासून वाटतं.

आता यंदाच्या अंदाजपत्रकाकडे येतो. सभेच्या आदल्या दिवशी तुमच्या हातात जाडजूड पुस्तक पडतं. त्यात एकेका ओळीवर मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. बहुतेक जण शेवटचा रकाना पाहतात, आपल्या विभागाला किती आलं म्हणून. कृपा करून दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून पाहा. मूळ अंदाजात देखभालीला जे धरलं होतं त्यातलं सुधारित अंदाजात किती कापलं आणि पुनर्विनियोजनात कुठे वळवलं, हे त्या एका ओळीवर दिसतं. तुम्ही सभेत तेवढंच विचारलंत तरी पुढच्या वर्षी ती रक्कम सहज कापली जाणार नाही. मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांकडे उत्तर तयार असतं. विचारणारा लागतो.

पुस्तक आठ दिवस आधी मिळावं, हा आग्रहही धरा. एका रात्रीत ते कोणाला वाचून होत नाही.

त्याआधी प्रत्येक विभागाकडून मालमत्तेची नोंदवही अद्ययावत करून घ्यावी लागेल. किती बंधाऱ्यांना किती बर्गे कमी, किती वर्गखोल्या गळतात, कोणत्या आरोग्य केंद्राचं वायरिंग जळकं. हे कागद कार्यालयात सुटे सुटे असतातच, ते तालुकानिहाय एका तक्त्यात आणायचे आहेत. तो तक्ता पंचायत समितीच्या फलकावर आणि जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर लावा. लोक त्यात चुका काढतील, आमच्या गावचा बंधारा राहिला म्हणतील. काढू द्या, त्यातूनच तो खरा होईल. त्या तक्त्याच्या बेरजेएवढी रक्कम स्वनिधीतून पहिली बाजूला काढा. पूर्ण बेरीज झेपणार नाही हे मला कळतं. पहिल्या वर्षी बंधारे, आरोग्य केंद्रांचं डिझेल आणि शाळांची बिलं एवढं जरी घेतलं तरी फरक दिसेल. सदस्यनिहाय वाटप त्यानंतर करा. वाटा थोडा लहान होईल, पण तुमच्या गटातल्या बंधाऱ्यात पाणी असेल आणि ते तुम्हाला लोकांना सांगता येईल.

उत्पन्नाची एक बाजूही पडून आहे. तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा परिषदेच्या जागा मोक्याच्या असतात, बसस्थानकाजवळ, बाजारपेठेत. त्यांवरचे कित्येक गाळे जुन्याच भाड्यावर चालले आहेत, काहींत मूळ गाळेधारक राहिलेलाही नाही. फेरमूल्यांकन म्हटलं की दबाव येतो, ओळखीची माणसं असतात, हे सगळं मला माहीत आहे. तरीही एकदा सगळ्या गाळ्यांची यादी भाड्यासकट सभागृहासमोर ठेवा आणि वाढलेलं भाडं थेट देखभालीच्या लेखाशीर्षाला जोडा. भाडं कुठे जातं हे दिसलं की वाढ मागणंही सोपं जाईल.

बर्ग्यांसाठी एक निराळी विनंती. बंधाऱ्याजवळच्या ग्रामपंचायतीला बर्गे ठेवायला शेड द्या आणि बसवण्या-काढण्याची मजुरी आगाऊ द्या. काम गावाने करावं, मोजमाप शाखा अभियंत्याने घ्यावं. गावाला पाणी हवं असतं, त्यामुळे १५ ऑक्टोबरला बर्गे बसवायची आठवण कोणाला करून द्यावी लागणार नाही. मान्यता मात्र जूनपूर्वी झाली पाहिजे, तेवढं स्थायी समितीच्या मे महिन्याच्या विषयपत्रिकेवर आताच घालून ठेवा.

ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे, दीड पानाचा आहे. कोणत्याही पक्षाच्या सदस्याने मागितला तर देईन. ज्यांना अंदाजपत्रकाचं पुस्तक ओळीओळीने समजून घ्यायचं आहे त्यांच्यासोबत बसायलाही तयार आहे. शेतातून संध्याकाळी परतल्यावर मी मोकळाच असतो.

आपला नम्र,
वित्त विभागातला एक निवृत्त कर्मचारी